तबकडीची वाट

चेंडू फेकणे आपल्याला कोणी शिकवत नाही. अंगणात, गल्लीत, शाळेच्या मैदानावर ते आपोआप हाताला येते. डोळ्यांनी नेम धरावा आणि हाताने जोर द्यावा, एवढे कळले की चेंडू बहुधा तिकडेच जातो. हवेत उडणाऱ्या तबकडीचे मात्र तसे नाही. ती सरळ फेकली तरी सरळ जात नाही. सुटताना एक दिशा, मध्यावर दुसरी आणि उतरताना तिसरी, असा तिचा प्रवास असतो. जोर वाढवावा तर ती अधिकच मनमानी करते. वयाच्या बासष्टाव्या वर्षी, बँकेच्या सेवेतून निवृत्त झाल्यावर, ही मनमानी समजून घेण्याचा योग माझ्या आयुष्यात आला. त्या शिक्षणाची ही हकीकत आहे.

2019च्या मार्च महिन्यात मी कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे मुलाकडे गेलो. आदल्या वर्षी पत्नीचे निधन झाले होते आणि इंदूरच्या घरात मी एकटाच उरलो होतो. "बाबा, निदान सहा महिने तरी इकडे या," असा मुलाचा आग्रह होता. गेलो खरा, परंतु पहिल्या पंधरवड्यातच माझ्या लक्षात आले की तेथेही दिवसभर मी एकटाच असणार. मुलगा आणि सूनबाई कामावर, बारा वर्षांचा नातू शाळेत. संध्याकाळी नातू घरी आला की आमच्यात "जेवलास का?", "अभ्यास झाला का?" एवढेच संभाषण होई. त्याला मराठी येत होते. बोलण्यासारखा विषय मात्र आम्हा दोघांपाशी नव्हता.

एका शनिवारी तो खांद्याला एक पिशवी अडकवून बाहेर निघाला. पिशवीत निरनिराळ्या रंगांच्या प्लॅस्टिकच्या तबकड्या होत्या. मी सहज विचारले, "हे काय रे?" तो थोडा थबकला आणि म्हणाला, "डिस्क गोल्फ. आजोबा, तुम्ही येता?"

खेळाचे माहेरघर

डिस्क गोल्फ हा खेळ आपल्याकडे फारसा परिचित नाही, म्हणून त्याची थोडी ओळख करून देणे योग्य होईल. गोल्फमध्ये काठीने चेंडू मारीत खड्ड्यापर्यंत न्यावयाचा असतो. येथे हाताने तबकडी फेकीत लोखंडी टोपलीपर्यंत न्यावयाची असते. जमिनीत रोवलेल्या खांबावर ही टोपली बसवलेली असते आणि टोपलीच्या वर साखळ्यांचा घोस लोंबत असतो. तबकडी साखळ्यांवर आदळते, तिचा वेग मरतो आणि ती टोपलीत पडते. जेथे तबकडी पडेल तेथून पुढची फेक करावयाची. एका मैदानावर बहुधा अठरा टोपल्या असतात. सर्वांत कमी फेकींत जो त्या पूर्ण करील तो विजयी. वाटेत झाडे, ओढे, चढ-उतार असतात आणि खेळाची सारी गंमत त्यांतच असते.

योगायोग असा की मुलाच्या घरापासून मोटारीने थोड्याच अंतरावर या खेळाचे माहेरघर होते. पॅसाडेनालगतच्या ला कॅन्याडा फ्लिंट्रिज या गावातील ओक ग्रोव्ह उद्यानात 1975 साली जगातील पहिले कायमस्वरूपी डिस्क गोल्फ मैदान उभे राहिले. ते उभारणारे एड हेड्रिक हे व्हॅम-ओ या खेळणी बनविणाऱ्या कंपनीत होते. उडत्या तबकडीच्या पाठीवर वर्तुळाकार कंगोरे दिल्यास तिचे उड्डाण अधिक स्थिर होते, या त्यांच्या सुधारणेला 1967 साली पेटंट मिळाले. आरंभी खांब हेच लक्ष्य मानले जात असे. तबकडी खांबाला लागली की नाही यावरून वाद होत. साखळ्यांच्या टोपलीने तो प्रश्न मिटवला. 1976 साली त्यांनी या खेळाच्या व्यावसायिक संघटनेची स्थापना केली. 2002 साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या अस्थींची राख मिसळून काही तबकड्या घडविण्यात आल्या. आयुष्यभर ज्या वस्तूचा ध्यास घेतला, तिच्यातच विलीन होण्याची ही कल्पना मला प्रथम विचित्र वाटली. पुढे ती समजू लागली.

तबकडीचा इतिहास त्याहूनही साधा आहे. 1937 साली फ्रेड मॉरिसन नावाचा तरुण आपल्या भावी पत्नीबरोबर पॉपकॉर्नच्या डब्याचे झाकण फेकून खेळत होता. पुढे समुद्रकिनाऱ्यावर केकच्या थाळीने त्यांचा खेळ चालू असताना एका गृहस्थाने ती पाच सेंटची थाळी पंचवीस सेंटला मागितली. त्यातून मॉरिसन यांना व्यवसाय सुचला. त्यांनी तयार केलेल्या प्लॅस्टिकच्या तबकडीचे हक्क 1957 साली व्हॅम-ओने घेतले आणि ती फ्रिस्बी या नावाने जगभर गेली.

पहिला दिवस

ओक वृक्षांच्या गर्द सावलीत आम्ही पहिल्या टोपलीसमोर उभे राहिलो. नातवाने एक तबकडी माझ्या हाती दिली. खेळण्यातल्या फ्रिस्बीपेक्षा ती लहान, जड आणि धारदार कडेची होती. या तबकड्यांचा व्यास साधारणतः एकवीस सेंटिमीटर असतो आणि वजन दीडशे ते एकशे ऐंशी ग्रॅमच्या आसपास. नियमानुसार व्यासाच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे 8.3 ग्रॅमपेक्षा अधिक वजन चालत नाही.

मी बाही सरसावली आणि पूर्ण ताकदीने तबकडी भिरकावली. ती वर चढली, क्षणभर अधांतरी थांबली आणि डावीकडे कोसळून झुडपात शिरली. दुसरीही तशीच. तिसरी जरा अधिक जोराने फेकली, तर ती अधिकच लवकर डावीकडे वळली. नातू हसला नाही, हे त्याचे मोठेपण. तो एवढेच म्हणाला, "आजोबा, जोर नका लावू. ती आधीच डावीकडे जाणार आहे. तिला तसं जाऊ द्यायचं, पण कुठून जाईल ते आपण ठरवायचं."

पस्तीस वर्षे कर्जप्रकरणे तपासलेल्या माणसाला बारा वर्षांच्या मुलाने दिलेला हा सल्ला होता. तो बरोबर आहे हे पटायला मला तीन आठवडे लागले.

तबकडी वळते का?

वळण्याचे कारण समजले की अर्धे काम होते. लहानपणी आपण सर्वांनी भोवरा फिरवला आहे. फिरता भोवरा आडवा पडत नाही, कारण फिरण्यामुळे त्याचा आस स्थिर राहतो. त्याला बाजूने हलकेच ढकलले तर तो ढकलल्या दिशेला न कलता, तिच्याशी काटकोनात कलतो. तबकडी म्हणजे हवेत सोडलेला पसरट भोवराच. तिला ढकलण्याचे काम हवा करते.

उजव्या हाताने, हाताची मागची बाजू लक्ष्याकडे ठेवून तबकडी फेकली, म्हणजे ती वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत जाते. सुरुवातीस तिचा वेग अधिक असतो आणि ती हवा जवळजवळ आडवी कापीत जाते. अशा वेळी हवेच्या उचलीचा केंद्रबिंदू तबकडीच्या मध्याच्या किंचित मागे असतो. त्यामुळे तिची पुढची कड खाली दाबली जाऊ पाहते. परंतु ती फिरत असल्याने पुढे न वाकता उजवीकडे कलते. पुढे वेग ओसरतो, तबकडी खाली येऊ लागते, हवा तिला खालून भिडते आणि उचलीचा केंद्रबिंदू पुढे सरकतो. आता पुढची कड वर उचलली जाऊ पाहते, आणि त्याच भोवऱ्याच्या न्यायाने तबकडी डावीकडे कलते. आधी थोडे उजवीकडे, शेवटी निश्चित डावीकडे: ही तिची स्वाभाविक वाट. डाव्या हाताने फेकणाऱ्याच्या बाबतीत किंवा उजव्या हाताने तळहात पुढे ठेवून फेकल्यास सारे उलट होते, कारण फिरण्याची दिशाच उलटते.

यातूनच माझ्या पहिल्या दिवसाच्या फजितीचा उलगडा होतो. नातवाच्या पिशवीतून मी सर्वांत वेगवान, सर्वांत धारदार तबकडी उचलली होती, कारण ती लांब जाईल असे मला वाटले. अशा तबकडीला तिचा वेग मिळाला तरच ती सरळ जाते. माझ्या हातून तो वेग मिळणे शक्य नव्हते. म्हणजे तिच्या प्रवासाचा पहिला भाग झालाच नाही आणि शेवटचाच भाग सुरुवातीपासून चालू झाला. त्यात मी तिची पुढची कड वर करून सोडत होतो. कड वर असली की तबकडी चढते, वेग गमावते आणि डावीकडे कोसळते. जोर वाढवला की हात उचलला जाई, कड आणखी वर होई आणि दोष दुणावे.

चार आकडे

बहुतेक तबकड्यांवर चार आकडे छापलेले असतात. इनोव्हा या कंपनीने रूढ केलेली ही पद्धत इतर अनेक उत्पादकांनीही स्वीकारली आहे. 1983 साली याच कंपनीचे डेव्ह डनिपेस यांनी उताराच्या, पाचरीसारख्या कडेची तबकडी आणली आणि खेळाचे स्वरूपच बदलले. हवेचा अडथळा कमी झाल्याने तबकड्या पूर्वीपेक्षा कितीतरी लांब जाऊ लागल्या.

चारांपैकी पहिला आकडा वेगाचा. तो साधारणतः 1 ते 14 असतो. आकडा मोठा म्हणजे तबकडी आपोआप वेगाने जाते असे नव्हे; तिला तेवढ्या वेगाने फेकावे लागते. दुसरा आकडा तरंगण्याचा, 1 ते 7. तिसरा आकडा सुरुवातीच्या वळणाचा: शून्य असल्यास तबकडी उजवीकडे कलत नाही, आणि उणे एक, उणे दोन असा तो खाली जाईल तसतसा तिचा उजवीकडे कल वाढतो. चौथा आकडा अखेरच्या वळणाचा, 0 ते 5. तो जितका मोठा तितकी तबकडी शेवटी जोराने डावीकडे वळते.

उदाहरणादाखल, एव्हिएर नावाच्या जवळच्या फेकीच्या तबकडीचे आकडे 2, 3, 0, 1 असे आहेत. ती बहुतांशी सरळ जाऊन अखेरीस किंचित डावीकडे झुकते. लेपर्डचे आकडे 6, 5, उणे 2, 1. ती आधी उजवीकडे कलते आणि मग हळूच परतते. फायरबर्डचे 9, 3, 0, 4. तिला उजवीकडे वळणे ठाऊकच नाही. ती शेवटी हमखास डावीकडे जाते. वाऱ्याच्या दिवशी अशीच हट्टी तबकडी उपयोगी पडते, हे मला मागाहून कळले.

खातेदाराचा अर्ज वाचताना त्याचे उत्पन्न, जबाबदाऱ्या, परतफेडीची सवय या गोष्टी आपण पाहतो आणि मगच हप्ता ठरवतो. तबकडीचे चार आकडे हा तिचा तसाच अर्ज. तो न वाचता तिच्याकडून अपेक्षा करणे ही आपली चूक.

वहीतली नोंद

नातवाने माझ्या हातातून वेगवान तबकडी काढून घेतली आणि एव्हिएर दिली. "पंधरा दिवस फक्त हीच," तो म्हणाला. घराजवळच्या मोकळ्या हिरवळीवर आमची शिकवणी सुरू झाली. तो शाळेत असे तेव्हा मी एकटाच सराव करी. जुनी सवय म्हणून मी एक वही घातली. तिच्यात रकाने आखले: कोणती तबकडी, सोडताना तिचा कल कसा, वारा कोठून, आणि शेवटी ती कोणत्या बाजूस पडली. प्रत्येक फेकीची नोंद करू लागलो.

आठवडाभरात वहीने मला जे सांगितले ते माझ्या डोळ्यांना दिसले नव्हते. माझ्या फेकी इकडे-तिकडे विखुरलेल्या नव्हत्या. जवळजवळ सर्व एकाच बाजूला, डावीकडे आणि अलीकडे पडत होत्या. ताळेबंदात दोन्ही बाजूंना किरकोळ फरक येत असतील तर तो निष्काळजीपणा. एकाच बाजूला सातत्याने येत असेल तर नोंदीची पद्धतच चुकीची, हे आम्ही बँकेत शिकलो होतो. मी संध्याकाळी वही नातवापुढे ठेवली. त्याने ती लक्षपूर्वक वाचली आणि मला तबकडी धरायला सांगितली. मी मनगट किंचित वर वळवून धरत होतो. "हात मिळवतो तसा नाही, दाराची किल्ली फिरवताना मनगट जसं थोडं खाली जातं तसं," त्याने दाखवले. आणखी एक गोष्ट त्याने सांगितली: तबकडी छातीच्या उंचीवरून, सरळ रेषेत ओढावी. माझा हात कमरेपासून खांद्यापर्यंत कमान करीत जाई, म्हणून कड वर येत होती.

त्या दिवसापासून माझी वही आम्हा दोघांची झाली. तो शाळेतून आला की आधी ती उघडून पाही आणि समासात मराठीत शेरे लिही. "आज वारा समोरून होता, म्हणून उजवीकडे गेली. चूक तुमची नाही." त्याचे शुद्धलेखन मी सुधारी, माझी फेक तो सुधारी.

कल, वारा आणि वय

मनगट सुधारल्यावर खरे शिक्षण सुरू झाले: तबकडी सोडताना तिला कल देणे. तबकडीची शरीरापासून दूरची कड खाली ठेवून सोडली, म्हणजे ती डावीकडे वळण घेत जाते. या कलाला खेळाडू हायझर म्हणतात. दूरची कड वर ठेवली की ती उजवीकडे वळते, तो अॅनहायझर. कोणतीही फेक म्हणजे दोन गोष्टींची बेरीज असते: आपण दिलेला कल आणि तबकडीचा स्वभाव. उजवीकडे कलणारी तबकडी डाव्या कलाने सोडली, तर ती वाटेत स्वतःला सरळ करून घेते आणि लांबवर सपाट जाते. हट्टी तबकडी उजव्या कलाने सोडली, तर ती आधी उजवीकडे, मग डावीकडे अशी नागमोडी वाट काढते. झाडाला वळसा घालायचा असो वा ओढ्याच्या कडेने जायचे असो, ही बेरीज आधी मनात करावी लागते.

वारा हा या बेरजेतील तिसरा आकडा. समोरून वारा असेल तर तबकडीच्या दृष्टीने तिचा वेग वाढलेला असतो. ती अधिक उजवीकडे कलते आणि वर उचलली जाते. म्हणून समोरच्या वाऱ्यात हट्टी तबकडी घ्यावी आणि हलक्या हाताने, खालून फेकावी. पाठीमागून वारा असेल तर तिचा हवेतील वेग कमी भासतो. तिला उचल मिळत नाही आणि ती लवकर डावीकडे उतरते. अशा वेळी अधिक तरंगणारी तबकडी घेणे चांगले. बाजूच्या वाऱ्यात तबकडीचे पोट वाऱ्याला दाखवले तर वारा तिला वाहून नेतो, पाठ दाखवली तर खाली दाबतो.

चौथी गोष्ट तबकडीच्या वयाची. झाडांवर, दगडांवर आपटून तिची कड झिजते आणि तिचा स्वभाव पालटतो. नवी असताना हट्टाने डावीकडे जाणारी तबकडी कालांतराने सरळ जाऊ लागते आणि अधिक जुनी झाली की उजवीकडे कलते. मी अशी तबकडी टाकून द्यावी म्हटले, तर नातवाने ती माझ्या हातातून घेतली. "जुनी डिस्क टाकायची नसते, आजोबा. तिला असं काम जमतं जे नवीला जमत नाही." तो तबकडीविषयीच बोलत होता. मी मात्र त्या रात्री बराच वेळ जागा होतो.

सुटल्यानंतर

या खेळातील सर्वांत कठीण धडा शेवटी येतो. तबकडी हातातून सुटली की तिच्यावर आपला काहीही अधिकार राहत नाही. सुरुवातीस मी प्रत्येक फेकीनंतर अंग वाकवून, हात हलवून तिला वळवू पाहत असे. नव्याने खेळणारे सर्वच असे करतात. जे काही करावयाचे ते सुटण्यापूर्वीच: पकड, कल, कडेची उंची, मनगटाचा शेवटचा झटका. हा झटका तबकडीला फिरवतो, आणि फिरणे जितके जोमदार तितकी ती आपल्या वाटेवर स्थिर. फिरणे अपुरे असेल किंवा हात तिच्या प्रतलाच्या वर-खाली ओढला गेला असेल, तर ती थरथरत जाते आणि कोठेही पडते. जोर दंडातून येत नाही. तो पायांतून, कमरेच्या वळणातून, खांद्यातून मनगटापर्यंत क्रमाने यावा लागतो, आणि हात शेवटच्या क्षणापर्यंत सैल असावा लागतो.

मुलाला परदेशी पाठवताना मी विमानतळावर त्याला किती सूचना केल्या होत्या, ते मला त्या हिरवळीवर आठवले. पुढे कित्येक वर्षे दूरध्वनीवरूनही मी त्याची वाट वळवू पाहत होतो. घर कोठे घ्यावे, नोकरी बदलावी की नाही, मुलाला कोणत्या शाळेत घालावे. त्याने कधी उलट उत्तर दिले नाही. हळूहळू दूरध्वनी मात्र कमी झाले. एका संध्याकाळी मी त्याला हे बोलून दाखवले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बाबा, तुम्ही दिलेला कल बरोबरच होता. म्हणून तर इथवर आलो." दुसऱ्या दिवशी शनिवार होता. अनेक महिन्यांनी तोही आमच्याबरोबर मैदानावर आला.

शेवटचा रविवार

ऑगस्टच्या अखेरीस, परतण्यापूर्वीच्या रविवारी, आम्ही तिघे पुन्हा ओक ग्रोव्हला गेलो. एका ठिकाणी टोपली आणि माझ्यामध्ये एक जाडजूड ओक उभा होता. डावीकडे झुडपांची भिंत, उजवीकडे उतार. पहिल्या दिवशी याच झाडावर मी लागोपाठ दोनदा तबकडी आपटली होती. या वेळी मी ती जुनी, झिजलेली तबकडी काढली. वारा पाहिला, अगदी मंद, पाठीमागून. म्हणजे उजवीकडे कलण्यात थोडी कमतरता येणार. दूरची कड जरा अधिक वर धरली, डावीकडची फट मनात निश्चित केली आणि जोर न लावता सोडली.

ती फटीतून गेली, झाडाच्या डावीकडून हळूहळू उजवीकडे वळली आणि टोपलीपासून सुमारे चार पावलांवर उतरली. टोपलीत पडली नाही. पुढच्या फेकीत मी ती साखळ्यांत घातली. तो खणखणाट अजून कानात आहे. टोपलीपासून दहा मीटरच्या आत असताना फेकून तोल सावरण्यापूर्वी पुढे पाऊल टाकता येत नाही, असा नियम आहे. मी आनंदात पाऊल टाकले आणि नातवाने ते तत्काळ लक्षात आणून दिले. गुण कापला गेला. लेखापरीक्षकाच्या घराण्यात शोभेल असाच तो मुलगा आहे.

हिरवळीवरून परत

येताना नातवाने मला तीन तबकड्या दिल्या: एक एव्हिएर, एक लेपर्ड आणि ती झिजलेली. आता मी सकाळी इंदूरच्या एका मैदानावर, फिरायला येणाऱ्यांची गर्दी वाढण्यापूर्वी, अर्धा तास सराव करतो. साखळ्यांची टोपली येथे नाही. विटांवर ठेवलेली एक रिकामी बादली त्या जागी चालते. आसपास कोणी नाही याची खात्री केल्याखेरीज तबकडी सोडत नाही, कारण तिची कड लागली तर इजा होते. ज्यांना हे करून पाहावेसे वाटेल त्यांना एवढेच सांगेन: एकच तबकडी घ्या, तीही कमी वेगाची. उभ्यानेच, धाव न घेता फेका. पुढची कड वर उठू देऊ नका. दहा फेकींनंतर त्या कोठे पडल्या ते लिहून ठेवा. आपल्या चुकांना एक दिशा असते. ती सापडली की सुधारणा सुरू होते.

2021 साली अमेरिकेतील ऑग्डेन येथे झालेल्या जागतिक स्पर्धेच्या अखेरच्या टोपलीपाशी जेम्स कॉनरॅड हा खेळाडू एका फेकीने मागे होता. सुमारे पंचाहत्तर मीटर अंतरावरून त्याने सोडलेली तबकडी थेट साखळ्यांत गेली. पॉल मॅकबेथशी बरोबरी झाली आणि जादा फेरीत कॉनरॅड विजेता ठरला. ते चित्रीकरण नातवाने मला पाठवले आणि दूरध्वनीवरून आम्ही दोघांनी ते एकाच वेळी पाहिले. तबकडी हवेत होती तोवर कोणीच बोलले नाही. मग पलीकडून आवाज आला, "आजोबा, त्याने हात कसा सैल सोडला, पाहिलंत?"

पाहिले होते. बासष्टाव्या वर्षापूर्वी मी ते पाहू शकलो नसतो.

आमची वही अजून चालू आहे. आता ती दोन ठिकाणी आहे: एक माझ्याकडे, एक त्याच्याकडे. दर रविवारी आम्ही नोंदी ताडून पाहतो. गेल्या रविवारी माझ्या दहा फेकींपैकी सात बादलीच्या उजवीकडे पडल्या. नातवाच्या मते मी आता कड गरजेपेक्षा अधिक दाबतो आहे. डावीकडची चूक सुधारता सुधारता मी उजवीकडे गेलो, एवढाच त्याचा अर्थ. उद्या सकाळी मनगट थोडे वर घेऊन पाहणार आहे.